डोहावरचे डॉक्टर

डॉक्टर उद्धवराव खळदकरांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पोहता येतं का?" ताप असो, खोकला असो, पाठीत उसण भरलेली असो. माणूस बावरून म्हणायचा, "डॉक्टर, मला कालपासून जुलाब होतायत." डॉक्टर त्याची जीभ बघता बघता म्हणायचे, "जुलाब थांबतील हो. पोहता येतं का ते सांगा."

येत असेल तर त्यांचा चेहरा खुलायचा. मग कुठे शिकलात, विहिरीत की नदीत, सूर मारता की गुडघे आवळून नुसता मुटका, अशा चौकशा सुरू व्हायच्या आणि बाहेर बाकड्यावर बसलेले पेशंट खोळंबून राहायचे. येत नसेल तर हळहळायचे, आणि पुढेपुढे तर मिक्श्चरची बाटली हातात देत सांगायचे, "हे दिवसातून तीनदा. आणि बरं वाटलं की सकाळी डोहावर या."

हे मी ऐकीव सांगत नाही. १९५० साली मला चिंचवडच्या प्राथमिक शाळेत मास्तरची नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात पोरांवर ओरडून माझा घसा बसला आणि मी डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिलो. मी मूळचा सोलापूरकडचा. आमच्या गावात पाणी विहिरीच्या तळाशी असायचं, आणि ते प्यायला पुरलं तरी लोक देवाला नारळ फोडायचे. त्यात पोहायचं म्हणजे पापच. मी मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला क्षयच झालाय.

डॉक्टर वाईचे. कृष्णेच्या घाटावर लहानाचे मोठे झाले. पुण्याला डॉक्टरकीचं एल.सी.पी.एस. करायला आले तेव्हा अभ्यासापेक्षा पोहण्याच्या तलावावरच जास्त दिसायचे, असं त्यांच्या पत्नी सुभद्राबाई सांगायच्या. चिंचवडला दवाखाना घातला तोसुद्धा गाव नदीकाठी आहे म्हणून. पहाटे उठून पवनेवर जायचं, अंगावर शहारे येईपर्यंत पोहायचं आणि ओल्या केसांनीच दवाखाना उघडायचा, हा त्यांचा नेम. उंच, सडपातळ माणूस. चाळिशी उलटली तरी पोट कसलं ते नाही. मूलबाळ नव्हतं. आवाज मात्र असा, की नदीच्या या काठावरून बोलले तर पलीकडच्या थेरगावची गुरं माना वर करायची.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉक्टर स्वभावाने दिलदार होते, पण शर्यतीच्या बाबतीत पक्के हावरट. पुण्याच्या तलावावर दरवर्षी चाळिशीवरच्यांसाठी शंभर यार्डांची शर्यत व्हायची. डॉक्टरांची वयाची अट पूर्ण झाल्यापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पुण्यात पोस्टात नोकरी करणारे अर्जुनराव नावाचे गृहस्थ हे त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी. एका वर्षी हे पहिले, तर दुसऱ्या वर्षी ते. ज्या वर्षी अर्जुनराव जिंकायचे, त्या वर्षी पुढचे चार-सहा दिवस दवाखान्यात जपूनच जावं लागायचं. साध्या गळवालासुद्धा डॉक्टर कडक पथ्य सांगायचे.

तोवर डॉक्टर पोहायचे ते स्वतःपुरते. दुसऱ्यांना शिकवायचं त्यांच्या मनात आलं ते सोपानरावांमुळे.

सोपानराव बीडकडचे गवंडी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी पिंपरीला वस्ती उभी राहत होती, त्या बांधकामावर ते बायकोला घेऊन आले होते. १९५१ च्या श्रावणात एके दिवशी पाऊस लागला म्हणून काम बंद होतं. नवराबायको धुणं घेऊन घाटावर आली. नदीला पाणी चढलेलं. शेवाळलेल्या पायरीवरून सोपानरावांचा पाय सटकला. पुढची पायरी होती, पण ती त्यांना सापडली नाही. घाटावर त्या वेळी बायका होत्या आणि सोपानरावांच्याच कामावरचे दोन बिगारी होते. कुणालाच पोहता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ती गावातली पोरं त्या घटकेला शाळेत माझ्यासमोर बसून पाढे म्हणत होती.

कुणीतरी धावत दवाखान्यात गेलं. डॉक्टर स्टेथास्कोप गळ्यात असतानाच पळत आले आणि तसेच पाण्यात शिरले. त्यांनी सोपानरावांना बाहेर काढलं, पालथं घातलं आणि पाठ दाबत राहिले. आरडाओरडा ऐकून मी शाळा सोडून तिथे पोचलो तेव्हाही ते दाबतच होते. पाऊस पडत होता. सोपानरावांची बायको मंजुळाबाई पायरीवर बसून नुसती बघत होती. तिच्या हातात अजून पिळलेलं धोतर होतं. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्याने डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला, "डॉक्टर, बास करा आता. गेलं ते."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर ते एकटेच बसले होते. मला म्हणाले, "मास्तर, पोराला बाप पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतो. चार दिवसांत पोरगं पोहायला लागतं. पण हा पस्तिशीचा बाप्या. याला कोण ढकलणार? याला पोहता येत नाही हे सांगायची लाज, आणि शिकायची त्याहून लाज." मग म्हणाले, "आता या भागात परगावची माणसं येतच राहणार. कारखाने निघणार म्हणतायत. दुष्काळी मुलखातली माणसं या नदीकाठी राहणार. मी नुसता मुडद्यांच्या पाठी दाबत बसू का?"

पाऊस ओसरून नदी शांत झाल्यावर दवाखान्याच्या दारावर पाटी लागली, "मोठ्या माणसांस पोहणे शिकविले जाईल. वेळ पहाटे." लोकांनी वाचली आणि हसून पुढे गेले. डॉक्टर रोज घाटावर जाऊन उभे राहायचे, पण येणार कोण? घाटावर पोरं सूर मारायला टपलेली. त्यांच्यासमोर मिशीवाल्या माणसाने लंगोट लावून गटांगळ्या खायच्या म्हणजे गावभर टिंगल. हे ध्यानात आल्यावर डॉक्टरांनी जागा बदलली. गावाच्या वरच्या अंगाला नदी वळण घेते, तिथे एक डोह होता. भर उन्हाळ्यातही त्यात पाणी असायचं आणि करंजांच्या दाटीमुळे वाटेवरून तो दिसायचा नाही. जागा मिळाली, पण शिष्य काही मिळेना.

पहिला शिष्य डॉक्टरांनी अक्षरशः पकडून आणला. मुंबई-पुणे रस्त्याला लागून इब्राहिमचं सायकलचं दुकान होतं. इब्राहिम पस्तिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. दिवसभर उकिडवं बसून त्याचे गुडघे आणि कंबर धरायची. तो औषधाला आला तेव्हा मीही तिथे होतो. डॉक्टरांनी त्याचे खांदे चाचपले, दंड दाबून बघितले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "तुला औषध नाही. तुला पाणी."

"पाणी पितो की, साब."

"प्यायचं नाही. पोहायचं."

इब्राहिम हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाब, पाण्याशी आपली ओळख लोट्यापुरती. लहानपणी विहिरीत पडलो होतो. तेव्हापासून हौदात वाकून बघायलाही जीव घाबरतो."

"मग तूच हवास मला," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इब्राहिम लॉरीची फुगवलेली ट्यूब गळ्यात घालून डोहावर आला. त्याची बायको गौहर वाटेपर्यंत सोडायला आली होती आणि लांब उभी राहून तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. सोबतीला कुणी हवं म्हणून डॉक्टरांनी मलाही ओढून नेलं होतं. आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांचे हात धरून नव्या नवरा-नवरीसारखे उभे. इब्राहिमचा पाय जरा घसरला आणि त्याने डॉक्टरांच्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटेचना.

"इब्राहिम, गळा सोड रे. मला दवाखाना उघडायचाय."

"साब, सोडलं तर मरतो."

"आणि नाही सोडलं तर मी मरतो!"

डॉक्टरांची शिकवायची पद्धत निराळी होती. हातपाय मारायला ते आधी शिकवायचेच नाहीत. पहिल्यांदा उताणं पडून तरंगायला शिकवायचे. गावात त्याला मुडदा करणं म्हणतात. "आधी मुडदा व्हा," ते सांगायचे, "जिवंत राहायचं असेल तर आधी तेच जमलं पाहिजे. पाणी कुणाला बुडवत नाही. आपण घाबरून त्याच्याशी मारामारी करतो, म्हणून बुडतो."

माझ्या पाठीखाली त्यांनी तळहात धरला. माझे कान पाण्यात, डोळे आभाळाकडे, अंग लाकडासारखं ताठ. डॉक्टर एकदम शाळेचं बोलायला लागले. "काय मास्तर, यंदा चौथीची पोरं कशी आहेत?" मी म्हटलं, बरी आहेत, पण भागाकारात कच्ची आहेत. "का बरं?" मला तो विषय फार जिव्हाळ्याचा. पोरांना पाढे पाठ असतात पण शून्य कुठे लिहायचं ते कळत नाही, असं मी तावातावाने सांगत गेलो. बोलणं संपवून बघतो तर डॉक्टर काठावर उभे राहून अंग पुसत होते आणि मी डोहाच्या मधोमध तरंगत होतो. ते लक्षात आल्याबरोबर मी बुडालो, हेही खरंच. पण तेवढ्या वेळात माझ्या पाठीला जे कळायचं ते कळून गेलं होतं.

दोघांचे चार झाले, चाराचे दहा. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला तसे नगरचे, परभणीचे, कोकणातलेही लोक यायला लागले. कुणी तेलाचा डबा पाठीला बांधायचा, कुणी वाळका भोपळा. इब्राहिमच्या दुकानातल्या फाटक्या ट्यूबांना ठिगळं लावून त्या सगळ्यांना पुरवल्या जायच्या.

एके दिवशी मंजुळाबाई दवाखान्यात आली. नवरा गेल्यावर ती गावी परतली नव्हती. बांधकामावरच पाट्या उचलत होती. डॉक्टरांना वाटलं, काही दुखतंय खुपतंय. ती म्हणाली, "मला पव्हायला शिकवा."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मंजुळाबाई म्हणाली, "धुणं धुवायला घाटावर जावंच लागतंय. पाण्याकडं बघितलं की हातपाय गळतेत. असं किती दिस भिऊन काढू?"

बाईमाणसाला डोहावर पुरुषांत शिकवता येणार नव्हतं. पण डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही. रहाटणीच्या चिमाजीच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. चिमाजीची आई अंबूबाई सत्तरीला आलेली, पण लहानपणापासून त्याच विहिरीत पोहलेली. डॉक्टरांनी तिला गळ घातली. मग एका दुपारी मंजुळाबाई, तिच्या सोबतीला सुभद्राबाई आणि शिकवायला अंबूबाई, अशा तिघी विहिरीत उतरल्या. डॉक्टरांना राहवेना. ते मोटेचे बैल चालतात त्या धावेवर विहिरीकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून बसले आणि तिथून ओरडायला लागले, "पाय मारा! गुडघ्यातून नाही, कमरेतून! मान मागे टाका!"

विहिरीतून अंबूबाईचा आवाज आला, "आवो डाक्टर, तुमी गप बसा की! हिकडं आमी काय करतोय ते तुमास्नी दिसतंय व्हय? ती अजून पायरीवरच हाय!"

डॉक्टर गप्प बसले. पण ते तिथून हलले नाहीत. मंजुळाबाई त्या उन्हाळ्यात पोहायला शिकली. तिच्यामागून रहाटणीच्या आणि पिंपळे सौदागरच्या बायकाही येऊ लागल्या, आणि अंबूबाईला म्हातारपणी नवाच उद्योग मिळाला. सुभद्राबाईंना मात्र पोहण्याची गोडी लागली नाही. "घरात एक मासा आहे तेवढा पुरे," त्या म्हणायच्या.

या शिकवण्याचं चीज झालं ते छपन्न सालच्या पावसाळ्यात. कारखान्यात पहारेकरी असलेला, डोहावर नुकताच येऊ लागलेला मालोजी नावाचा नगरकडचा माणूस थेरगावहून नावेतून येत होता. भर पात्रात नाव कलंडली. बाकीच्यांनी नावेची कड धरली, मालोजी तेवढा प्रवाहात सापडून वाहत गेला. त्याला हात मारून काठ गाठण्याइतकं पोहणं अजून येत नव्हतं. येत होता तो फक्त मुडदा. तो उताणा पडला, डोळे मिटले आणि नदी नेईल तिकडे गेला. पिंपरीच्या लोकांना वाटलं, प्रेतच वाहत येतंय. दोर टाकून त्यांनी जवळ ओढलं तर प्रेताने दोर धरला. काठावर आल्यावर मालोजीचे पहिले शब्द होते, "डॉक्टरांस्नी निरोप द्या, मुडदा केला म्हनून जिता हाय."

निरोप आला तेव्हा डॉक्टर कुणाच्या तरी बोटाला पट्टी बांधत होते. ती पट्टी अर्धवट टाकून ते आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पेशंट बिचारा बोट धरून बसून राहिला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

इतक्या वर्षांत इब्राहिमचं काय झालं होतं ते सांगायचं राहिलंच. हौदाला भिणारा हा माणूस आता पाण्यात उतरला की बाहेर यायला तयार नसायचा. कंबरदुखी कधीच पळाली होती. त्याचे रुंद खांदे पाण्यात असे चालायचे, की डॉक्टर मधूनच शिकवणं थांबवून बघत राहायचे. सत्तावन्न साली त्यांनी ठरवलं, इब्राहिमने पुण्याच्या शर्यतीत उतरायचं. अडचण वयाची होती. चाळिशी पूर्ण झाल्याचा दाखला हवा होता आणि इब्राहिमला जन्मसाल माहीत नव्हतं. "अम्मी म्हणायची, नदीला मोठा पूर आला त्या साली झालास," एवढंच तो सांगायचा. डॉक्टरांनी बैलाचे बघावेत तसे त्याचे दात बघितले आणि स्वतःच दाखला दिला.

शर्यतीला मी गेलो होतो. आम्ही तिघंही सायकलींवरून गेलो. तलावाच्या कडेला डॉक्टर, इब्राहिम, अर्जुनराव आणि आणखी तिघं-चौघं उभे राहिले. शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत डॉक्टर आणि इब्राहिम बरोबरीने गेले. वळताना इब्राहिम हातभर पुढे होता. आणि मग अर्ध्यावर त्याचे पाय मंदावले. डॉक्टर पुढे गेले आणि पहिले आले. इब्राहिम दुसरा आणि अर्जुनराव तिसरे. गुरू पहिला, शिष्य दुसरा. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी पदक घेतलं आणि न बघताच खिशात टाकलं. परतताना ते पुढे, आम्ही मागे. दापोडीचा पूल आला तेव्हा त्यांनी सायकल थांबवली.

"इब्राहिम, परतीच्या फेरीत तुझे पाय का थांबले?"

"दम लागला, साब."

"दम लागलेल्या माणसाचं तोंड उघडं पडतं. तुझं मिटलेलं होतं. खरं सांग."

इब्राहिम खाली बघत म्हणाला, "तुम्ही उस्ताद आहात. ज्या हातांनी मला धरलं, त्या हातांच्या पुढे कसा जाऊ? माझ्याच्यानं नाही होत."

डॉक्टरांचा आवाज मोठा म्हणून मी मघाशी सांगितलं. त्या वेळी मात्र ते अगदी हळू बोलले. "पेशंटला मी रंगीत पाणी देऊन औषध म्हणून सांगितलं, तर तो माझ्यावर विश्वास ठेवील? तू आज मला रंगीत पाणी पाजलंस." एवढं बोलून ते सायकलवर बसले आणि निघून गेले.

त्यानंतर डॉक्टरांनी इब्राहिमशी बोलणं टाकलं. तो रोज डोहावर यायचा. डॉक्टर दुसऱ्या टोकाला जाऊन नवख्यांना शिकवत बसायचे. दुकानावरून जाताना सायकलची घंटी वाजवायचे नाहीत. आम्हां सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. दोघांनाही समजावून बघितलं. इब्राहिम म्हणायचा, "मी इज्जत केली, आणि त्यांना बेइज्जती वाटली. आता काय करू, मास्तर?" डॉक्टर म्हणायचे, "मास्तर, तुम्ही यात पडू नका."

गौहरने सुभद्राबाईंना जाऊन सांगितलं, की घरात इब्राहिम धड जेवत नाही. सुभद्राबाईंनी त्या दिवशी डॉक्टरांना जेवायला वाढलं आणि समोर बसल्या. मी लोणच्याची बरणी परत करायला गेलो होतो, म्हणून मला ते ऐकायला मिळालं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमचा राग नेमका कशावर? तो मुद्दाम हळू पोहला यावर, की तो तुमच्यापेक्षा जोरात पोहतो हे कळलं यावर?"

डॉक्टरांनी भाकरीचा तुकडा मोडला. आमटीत बुडवला. मग म्हणाले, "दोन्हींवर."

"मग निम्मा राग त्याच्यावर काढा. निम्मा तुमचा तुम्ही ठेवा."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद केल्यावर डॉक्टर सायकल हातात धरून इब्राहिमच्या दुकानापुढे गेले. म्हणाले, "हवा बघ."

इब्राहिमने दोन्ही चाकं दाबून बघितली. "हवा ठीक आहे, साब."

"मग माझी बघ. पन्नाशी आलीय, दम किती उरलाय ते मला कळलं पाहिजे. उद्यापासून रोज माझ्याशी शर्यत लावायची. आणि पाय थांबवलेस, तर पुन्हा या दुकानात पाऊल टाकणार नाही."

इब्राहिमने घाईघाईने हात पुसले. डॉक्टरांना बसायला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. चहा आला. तो दोघांनी तिथेच बसून प्यायला.

पुढचं वर्षभर डोहावर रोज शर्यत होत होती. डॉक्टर हरायचे, चिडायचे, इब्राहिमच्या हाताची चूक काढायचे आणि ती सुधारली की आणखी जोरात हरायचे. आपल्याला हरवायला शिकवणारा असा गुरू मी दुसरा पाहिला नाही.

अठ्ठावन्नच्या शर्यतीला आमच्या डोहावरचे सगळे जण पुण्याला गेले. मालोजी तर शिफ्ट बदलून आला होता. गौहर आणि सुभद्राबाई छत्री धरून बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. या वेळी इब्राहिमचे पाय थांबले नाहीत. तो सरळ पुढे निघाला आणि शेवटचा हात भिंतीला लागला तेव्हा डॉक्टर त्याच्यामागे चांगले दोन हात होते. अर्जुनराव तिसरे.

मी डॉक्टरांकडे बघत होतो. भिंत धरून त्यांनी बाजूला पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा पडला. लहान मुलाचं खाणं कुणी हिसकावून घ्यावं, तसा. मग त्यांनी पाण्यावर दोन्ही तळहात आपटले आणि असे ओरडले, की पंच दचकले. "बघितलंत का? अर्जुनराव, बघितलंत का? हा माणूस हौदाला भीत होता!"

अर्जुनराव धापा टाकत म्हणाले, "उद्धवराव, तुमच्याच पायावर धोंडा मारायचा होता, तर मारायचा. माझ्या पायावर कशाला मारलात?"

इब्राहिमने पाण्यातच डॉक्टरांचे पाय धरायचा प्रयत्न केला आणि दोघांच्याही नाकातोंडात पाणी गेलं.

त्यानंतर महिनाभर दवाखान्यात कुणालाही "पोहता येतं का" असं विचारलं गेलं नाही. प्रश्न बदलला होता. "जीभ दाखवा. आणि इब्राहिमने मला हरवलं, ऐकलंत का?"

पुढच्या वर्षी पुण्याच्या मंडळींनी पन्नाशीवरच्यांसाठी वेगळी शर्यत ठेवली. डॉक्टरांना त्यात पहिला नंबर हमखास होता. अर्जुनरावांनी ताबडतोब नाव घातलं आणि डॉक्टरांनाही आग्रह केला. डॉक्टर म्हणाले, "इब्राहिम ज्या शर्यतीत, मी त्या शर्यतीत." त्या चाळिशीच्या शर्यतीत नवी, चाळिशी नुकतीच ओलांडलेली माणसं आली होती. डॉक्टर चौथे आले. इब्राहिम पुन्हा पहिला. परतताना पुलावर वारा समोरून येत होता, तरी डॉक्टर सगळ्यांच्या पुढे सायकल हाणत होते आणि मागे वळून इब्राहिमला सांगत होते, की वळताना तुझा उजवा खांदा अजून उघडतो.

त्याच आठवड्यात कारखान्यातले एक साहेब डोहावर आले. गोरेगोमटे, स्थूल, टॉवेलात अंग गुंडाळलेले, पाण्याकडे बघून ओठ कोरडे पडलेले. त्यांनी चाचरत विचारलं, "डॉक्टर खळदकर आपणच ना? मला शिकवाल का?"

डॉक्टर पाण्यातल्या खडकावर उभे राहून हातांना झोका देत होते. त्यांनी साहेबांचे खांदे न्याहाळले, पसंतीने मान हलवली आणि काठाकडे तोंड करून हाक मारली, "इब्राहिम! यांना तू घे. मला आता सरावाला वेळ पाहिजे."

आणि त्यांनी सूर मारला.